सुरक्षेचा पहारा आणि घराचा उंबरठा

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यालगत घाटघर हे गाव वसलेले आहे. येथूनच नाणेघाट कोकणात उतरतो. सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण आणि सोपारा या बंदरांतून आलेला माल याच वाटेने जुन्नरच्या पेठेकडे चढत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. जवळच एक भला मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात जमा होत असे, असे परंपरा सांगते. शेजारी जीवधन किल्ला या वाटेचा राखणदार म्हणून उभा आहे.

राज्य म्हटले की पहारा आला, चौकी आली आणि तपासणीही आली, हेच ही जुनी वाट आपल्याला सांगते. त्यात वावगे काही नाही. परंतु घाटमाथ्यावरील जकातदार गोणीत काय आहे एवढेच विचारू शकत होता. वाटसरूच्या मनात काय आहे, त्याने काल रात्री कोणाशी काय बोलणे केले, तो कोणत्या वैद्याकडे जातो, कोणत्या देवाची प्रार्थना करतो, हे जाणून घेण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. आज ते साधन राज्यसंस्थेच्या हाती आहे आणि आपण ते स्वतःच्या खिशात घेऊन हिंडतो. म्हणूनच राष्ट्राची सुरक्षा आणि नागरिकाचे खासगी जीवन यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न केवळ वकिलांचा उरलेला नाही. तो आपल्या प्रत्येक घराचा प्रश्न झाला आहे.

पहारा का हवा?

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. दहशतवाद ही काल्पनिक भीती नव्हे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. कामावरून घरी परतणारी ती साधी माणसे होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यातील जर्मन बेकरीतील स्फोटाने १७ जणांचा बळी घेतला. २००८ च्या हल्ल्याच्या वेळी अतिरेकी आणि सीमेपलीकडून त्यांना सूचना देणारे सूत्रधार यांचे फोनवरील संभाषण आपल्या यंत्रणांनी ऐकले आणि नोंदवून ठेवले. हा कट कोठून चालवला जात होता, हे त्यातूनच न्यायालयापुढे सिद्ध करता आले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली, तेव्हा या संभाषणांचा सविस्तर विचार केला होता.

तेव्हा पाळत मुळीच नको, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. निरपराध माणसांचे प्राण वाचवणे हे शासनाचे पहिले कर्तव्य आहे. पण कर्तव्य मोठे आहे म्हणून त्यासाठी दिलेली सत्ता अमर्याद असावी, असा अर्थ त्यातून निघत नाही. वैद्याच्या हाती शस्त्र द्यावेच लागते, परंतु ते केव्हा, कोणावर आणि कोणाच्या संमतीने चालवायचे याचे नियम असतात.

न्यायालयाने केलेला प्रवास

आपल्या राज्यघटनेत ‘खासगीपणाचा हक्क’ असे शब्द कोठेही नाहीत. अनुच्छेद २१ जीविताची आणि व्यक्तिस्वातंत्र्याची हमी देतो. त्या हमीत खासगी जीवनाचा समावेश होतो की नाही, यावर सहा दशकांहून अधिक काळ खल चालला. १९५४ मध्ये आठ न्यायाधीशांच्या आणि १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांच्या पीठाने दिलेले निकाल या हक्काला प्रतिकूल मानले गेले. १९७२ मध्ये मुंबईचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचे फोनवरील बोलणे पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले होते. तो पुरावा ग्राह्य धरताना न्यायालयाने जो विचार मांडला त्याचा आशय असा, की फोनवरील संभाषणाला मिळणारे संरक्षण निरपराध नागरिकासाठी आहे, दोषी माणसाला कायद्याच्या हातून निसटता यावे यासाठी नाही.

१८ डिसेंबर १९९६ च्या निकालाने पुढचे पाऊल टाकले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घरात किंवा कार्यालयात बसून केलेले फोनवरील संभाषण हा खासगी जीवनाचा भाग आहे आणि ते ऐकण्याचा आदेश गृहसचिवांच्या पातळीवरूनच निघाला पाहिजे. असा आदेश दोन महिन्यांपुरताच टिकेल, वाढवला तरी सहा महिन्यांपलीकडे जाणार नाही आणि एक समिती त्याचा फेरविचार करील, अशी बंधनेही न्यायालयाने घातली.

अखेरीस २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने जाहीर केले की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा खटला आधार ओळखपत्राच्या वादातून उभा राहिला होता. आधारचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी झाला होता, हे येथे आठवते. या निकालपत्राला आणखी एक मराठी धागा आहे. आणीबाणीत नागरिकाला न्यायालयाकडे दादच मागता येणार नाही, असे ज्या बहुमताने १९७६ मध्ये ठरवले, त्यात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड होते. एक्केचाळीस वर्षांनी त्यांचे सुपुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी २०१७ च्या निकालपत्रात तो जुना निर्णय सदोष असल्याचे लिहून ठेवले.

मात्र हा हक्क निरंकुश नाही, हेही या पीठाने सांगितले. शासनाला त्यात हस्तक्षेप करता येईल, परंतु काही कसोट्यांना उतरून. त्यासाठी कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा आणि गैरवापर रोखणारी व्यवस्था हवी. उंदीर मारण्यासाठी घर जाळू नये, हे शहाणपण आपल्याला नवे नाही. आता त्याला घटनात्मक अधिष्ठान मिळाले, इतकेच.

महाराष्ट्राचा अनुभव

या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव विशेष बोलका आहे. संघटित गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी १९९९ मध्ये आपल्या राज्याने ‘मोक्का’ हा कडक कायदा केला. त्यातील संभाषण ऐकण्याविषयीची कलमे मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती पुन्हा वैध ठरवली. हा कायदा कठोर म्हणून ओळखला जातो. परंतु पाळतीपुरते बोलायचे तर त्यात काही चांगल्या तरतुदी आहेत आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. चोरून ऐकलेले संभाषण पुरावा म्हणून वापरायचे असेल, तर ज्या आदेशाने ते ऐकले त्याची प्रत आरोपीला खटल्यापूर्वी किमान दहा दिवस द्यावी लागते. तसेच वर्षभरात किती अर्ज आले, किती मंजूर आणि किती नामंजूर झाले, त्यांतून किती खटले उभे राहिले, याचा वार्षिक अहवाल राज्य शासनाने विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा, असे कलम २७ सांगते. पाळत गुप्त ठेवूनही तिचा हिशेब उघडपणे देता येतो, हे या कलमाने गृहीत धरले आहे.

दुसरा अनुभव २२ ऑक्टोबर २०१९ चा. मुंबईतील एका व्यावसायिकावर बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप होता. त्याचे फोन ऐकण्यासाठी २००९ आणि २०१० मध्ये तीन आदेश काढण्यात आले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते तिन्ही रद्द केले आणि नोंदवलेली संभाषणे नष्ट करण्यास सांगितले. कारण कायद्याने फोन ऐकण्याची मुभा सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या दोनच प्रसंगी दिली होती आणि या प्रकरणात दोहोंपैकी काहीच नव्हते. २ जुलै २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयानेही लाचेच्याच एका प्रकरणात असाच निर्णय दिला. लाचखोरी हा गुन्हाच आहे, त्याचा तपास झालाच पाहिजे. परंतु राष्ट्रसुरक्षेसाठी दिलेले हत्यार प्रत्येक तपासात उपसता येणार नाही, हा या निकालांचा गाभा आहे.

किल्ली कोणाच्या हाती?

आता प्रश्नाच्या मर्माकडे वळू. सुरक्षा श्रेष्ठ की खासगीपणा, असा वाद अनेकदा घातला जातो. वास्तविक दोन्ही हवेत, याविषयी सुज्ञांत दुमत नाही. खरा प्रश्न असा आहे की, परवानगी कोण देतो आणि दिलेली परवानगी योग्य होती की नाही हे कोण पाहतो.

आपल्याकडे परवानगी गृहसचिव देतात. तिचा फेरविचार केंद्रात मंत्रिमंडळ सचिवांच्या आणि राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती करते. म्हणजे मागणारे, देणारे आणि तपासणारे सारे एकाच घरातले. त्यात न्यायाधीश नाही, लोकप्रतिनिधीही नाही. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे आपल्या वाचकांना परिचित असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणावर अहवाल दिला. त्यात या फेरविचार समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश असतात आणि ते काम अवास्तव आहे, असे दाखवून दिले होते. एका बैठकीत इतके आदेश वाचून पाहणेही शक्य नाही. मग त्यांचा विचार कसा होणार?

२००८ च्या हल्ल्यानंतर महिनाभरातच संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती करून संगणकीय माहिती पाहण्याचे व्यापक अधिकार शासनाला दिले. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने दहा केंद्रीय यंत्रणांना हे अधिकार वापरण्यास प्राधिकृत केले गेले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, परंतु मूळ रचना तीच राहिली. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही देशाची सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसारख्या कारणांसाठी आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे ठेवला आहे. दुकानदाराने आपला फोन नंबर कसा जपावा याचे नियम झाले. शासनाने काय जपावे, हे मात्र बव्हंशी शासनानेच ठरवायचे आहे.

इतर लोकशाही देशांनी येथे काय केले? ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने दुहेरी कुलूप आणले. मंत्र्याने सही केलेला आदेश न्यायिक आयुक्तांनी मान्य केल्यावरच अमलात येतो. अमेरिकेत १९७८ पासून यासाठी स्वतंत्र न्यायालय आहे. ते बंद दाराआड चालते, आणि तरीही तेथे केवढ्या मोठ्या प्रमाणावर माहिती गोळा होत होती हे २०१३ मध्ये उघडकीस आले. तेव्हा न्यायाधीश नेमला की सारे सुरळीत झाले, असे नाही. न्यायाधीशही हवा आणि आकड्यांचा उघड हिशेबही हवा.

आपल्या दाराशी आलेला प्रश्न

हे सारे दूरचे वाटत असेल, तर पुणे जिल्ह्यातीलच एका खटल्याकडे पाहावे. ३१ डिसेंबर २०१७ ची शनिवारवाड्यावरील एल्गार परिषद आणि १ जानेवारी २०१८ चा भीमा कोरेगाव येथील हिंसाचार यांतून उभ्या राहिलेल्या खटल्यात सोळा जणांना अटक झाली. त्यांत येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी होते. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीहून त्यांना ताब्यात घेतले, तेव्हा त्यांचे वय ८३ होते. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत असताना, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोपांचा मोठा आधार संगणकातील फायली हा होता. त्यांच्या वकिलांच्या विनंतीवरून एका अमेरिकन तज्ज्ञ संस्थेने तपासणी केली आणि या फायली बाहेरून, त्यांच्या नकळत संगणकात घुसवण्यात आल्या, असा निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये समोर आला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने अशा अहवालांना आक्षेप घेतला आहे आणि खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. परंतु जो दरवाजा आत डोकावण्यासाठी किलकिला केला जातो, त्यातून आत काही टाकताही येते, एवढा धडा तरी कोणालाही नाकारता येणार नाही.

पेगॅसस प्रकरणही असेच अर्धवट राहिले. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रसुरक्षेचे नुसते नाव घेऊन शासनाला प्रत्येक वेळी उत्तर टाळता येणार नाही, अशी भूमिका घेतली आणि तांत्रिक समिती नेमली. समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये काही घातक प्रणाली आढळली, पण ती पेगॅससच होती असे निश्चित सांगता आले नाही. शासनाने समितीला सहकार्य केले नाही, असेही ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले.

आपल्या राज्यात काही राजकीय नेत्यांचे फोन खोट्या नावांनी ऐकले गेल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये पुणे आणि मुंबई येथे गुन्हे दाखल झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. यात कोणाची बाजू घेण्याचे कारण नाही. परवानगी आधीच एखाद्या न्यायाधीशाने तपासून दिली असती, तर आरोप करणाऱ्यांचा संशय फिटला असता आणि अधिकाऱ्यांच्या नावालाही बट्टा लागला नसता. न्यायालयीन परवानगी प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याचेही कवच असते, हे लक्षात घ्यावे.

आणखी एक उदाहरण. १३ डिसेंबर २०२२ रोजी राज्य शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी एक समिती नेमली. टीका झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळला, ‘आंतरधर्मीय’ तसाच ठेवला. कोणतीही तक्रार नसताना दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाची माहिती शासनाने का जमवावी? धर्मस्थळांत झालेले विवाहही या कक्षेत येत असल्याने धर्मग्रामाच्या विवाह नोंदवहीपर्यंत हा प्रश्न येऊन पोहोचतो.

‘मला काय लपवायचे आहे?’

आपल्यातील अनेक सज्जन माणसे म्हणतात, आम्ही काही वाईट केलेले नाही, मग आमचे बोलणे कोणी ऐकले तर बिघडले काय? प्रश्न निरागस आहे, पण अपुरा आहे. आपण दार लावतो ते आत चोरी चालली आहे म्हणून नव्हे. आजारपण, कर्ज, मुलीच्या लग्नाची चिंता, नवरा-बायकोतील दुरावा, श्रद्धेविषयीची शंका यांत पाप काही नाही. तरीही ते चव्हाट्यावर येऊ नये, असे प्रत्येकाला वाटते. पापनिवेदनाच्या संस्कारात ऐकलेले गुपित कोणत्याही कारणास्तव उघड करता येत नाही, हा आपल्या ख्रिस्तसभेचा कडक नियम आहे. राजाच्या आज्ञेपुढे हे गुपित फोडण्यास नकार देऊन प्रागचे संत जॉन नेपोमुक यांनी प्राण दिले, असे परंपरा सांगते. माणसाच्या अंतःकरणात एक जागा अशी आहे, जिथे राजदंडाला प्रवेश नाही, ही या नियमामागील जाणीव आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात माणसाच्या मूलभूत हक्कांची यादी देताना खासगी जीवनाच्या संरक्षणाचा स्पष्ट समावेश केला, तो याच जाणिवेतून.

दुसरा आक्षेप असा की, खासगीपणा हे श्रीमंतांचे चोचले आहेत. घाटघरसारख्या डोंगरी गावातील माणसाला आधी रेशन, रस्ता आणि पाणी हवे. २०१७ च्या निकालाने हा युक्तिवाद ऐकून घेतला आणि फेटाळला. इतिहासही त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ पासून तो मुंबई प्रांतालाही लागू झाला. कोणताही गुन्हा न करता, केवळ जन्माच्या आधारे, लोकांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. गावाबाहेर जायचे तर परवानगी लागे. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीत या हजेरीचा जाच आला आहे. स्वतंत्र भारताने ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला, पण त्या जमातींवरील संशयाचा शिक्का अद्याप पुरता पुसलेला नाही. पाळतीचा पहिला आणि सर्वांत जड भार नेहमी गरिबावरच पडला आहे. श्रीमंताला वकील मिळतो, गरिबाला हजेरी मिळते.

मग करावे काय?

शासनाकडे मागण्यासारख्या गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली, संभाषण ऐकण्याची परवानगी न्यायाधीशाकडून घ्यावी. तातडी असेल तर ठरावीक दिवसांत त्याची मान्यता मिळवावी. दुसरी, धोका टळल्यावर आणि काही निष्पन्न न झाल्यास त्या नागरिकाला तसे कळवावे, म्हणजे त्याला दाद मागता येईल. तिसरी, ‘मोक्का’च्या कलम २७ प्रमाणे सर्वच कायद्यांखालील पाळतीचे वार्षिक आकडे संसदेत आणि विधिमंडळात मांडावेत. त्यांत कोणाचे नाव नको, केवळ संख्या. यामुळे एकही अतिरेकी निसटणार नाही.

अशा मागणीचा उपयोग होत नाही, असे समजू नये. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे ॲप आधीच बसवून देण्याचा आदेश काढला होता. चहूकडून प्रश्न विचारले गेले आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती सक्ती मागे घेण्यात आली. आपल्या मतदारसंघातील आमदारांना एक साधे पत्र लिहून, कलम २७ खालील अहवाल सभागृहापुढे केव्हा ठेवला गेला, असे विचारता येईल. हा प्रश्न विचारणे देशद्रोह नव्हे. ते नागरिकाचे काम आहे.

आणि आरंभ घरापासून करावा. चोऱ्या आणि तोडफोडीच्या भीतीने आपल्या अनेक चर्चमध्ये, शाळांत आणि गृहनिर्माण संस्थांत कॅमेरे बसले आहेत. ते काढण्याची आवश्यकता नाही. परंतु चित्रण कोण पाहतो, किती दिवस ठेवले जाते, कोणाच्या लेखी मागणीवरून बाहेर दिले जाते, पापनिवेदनाच्या जागेकडे कॅमेऱ्याचा रोख तर नाही ना, हे धर्मग्राम मंडळाने पुढच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. जे नियम आपण शासनाला घालू पाहतो, ते आपल्या आवारात आधी पाळले, तर आपल्या शब्दाला वजन येईल.